मामाची जर्मन मडम

७ जानेवारी १९६२, रविवार
आजपासून रोजनिशी. वही शाळेच्या स्टोअरमधली आहे, पण तिला वाळवी लागायला आली होती, म्हणजे मी ती वाचवली असंच म्हटलं पाहिजे. लिहिण्याचं कारण एकच. उद्या लोक विचारतील, मसुरकर ड्रॉइंग मास्तरांनी ही वस्तू ओळखली कशी? तेव्हा तारीखवार उत्तर तयार हवं.

झालं ते असं. बाबलीमामा गेल्या महिन्यात वारला. जर्मन बोटीवर भांडी घासण्यापासून सुरुवात करून शेवटी बटलर झाला होता. लढाईच्या आधी मालवणात परत आला तो आलाच. मूलबाळ नाही. काल राधाबाई मामीने मला आणि नर्मदाताईला बोलावलं. आम्हा भाचरांना मामाची आठवण म्हणून दोन गोष्टी द्यायच्या होत्या. एक, विहिरीकडचे तीन माड. दुसरी, कपाटातली जर्मन चिनी मातीची बाहुली. म्हणाली, ‘कोणाक काय व्हया ता तुमीच ठरवा.’

ताईने तोंड उघडायच्या आत मी बाहुली म्हणालो. ताई म्हणाली, ‘बरां झाला. माका आपले माडच बरे.’

मला तिची दया आली. माड काय, वीज पडली तर मरतात. पण हे बोललो नाही. थोरली बहीण आहे.

८ जानेवारी
तपासणी. उंची दीड वीत. एक युरोपियन मडम, डोक्यावर हॅट, एका हाताने घागरा किंचित उचललेला. पायाशी कुत्रा. घागऱ्याला तीन पदरी झालर, तीही मातीचीच, पण लेससारखी जाळीदार. नखाने टिचकी मारली. आवाज उच्च प्रतीचा. तळाशी निळ्या रंगात मुकुट, त्याखाली अक्षरं पुसट.

मुकुट! सामान्य माणसाच्या घरातल्या वस्तूवर मुकुट कशाला असेल?

मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये मी एकच वर्ष काढलं हे खरं. पण नजर ही शिकवून येत नाही. ती असावी लागते.

सुगंधाने विचारलं, जर्मन तर चिनी कशी, आणि चिनी तर जर्मन कशी? अठरा वर्षं ड्रॉइंग मास्तराशी संसार करून हा प्रश्न. थकायला होतं.

२० जानेवारी, शनिवार
वाचनालयात इंग्रजी ज्ञानकोश आहे. पोर्सिलीनचा ‘पी’ खंड एका रिटायर मामलेदारांनी नेला तो १९५४ पासून त्यांच्याकडेच आहे. तिथे जाऊन आलो. ते झोपले होते. मग ‘जी’ खंडात जर्मनी वाचलं. जर्मनीत पूर्वी एक राजा नव्हता, पुष्कळ होते. म्हणजे पुष्कळ मुकुट. संशोधनाला दिशा मिळाली.

किमतीचा आकडा इथे लिहीत नाही, नजर लागते. एवढंच लिहितो की दादरला दोन खोल्या आणि एकीला उत्तरेचा उजेड. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो. शाळेत माझ्या वर्गाला पश्चिमेची खिडकी आहे. शेजारी मासळी सुकवतात.

संकल्प: रोज एक तास स्वतःचं चित्र काढायचं. उद्यापासून.

३ फेब्रुवारी, शनिवार, रात्री आठ
आठ ग्रह एका राशीत आले आहेत. जग बुडणार म्हणून देवळात होम चालू आहे, हेडमास्तरसुद्धा जाऊन बसलेत. माझा यावर विश्वास नाही. केवळ खबरदारी म्हणून मडमला फडक्यात बांधून तांदळाच्या पिंपात खोल ठेवलं. समुद्र वर आला तरी पिंप तरंगेल.

सुगंधाने विचारलं, आणि आमी खंय तरंगायचां? शास्त्रीय चर्चेला ती वेळ नव्हती.

६ फेब्रुवारी
जग आहे तसं आहे. पहिल्या तासाला सातवी ‘अ’.

मडम बाहेर काढली. फडकं सुटलं होतं. झालरीच्या जाळीत तांदळाचा कोंडा आणि दोन सोंडे.

११ फेब्रुवारी, रविवार
सोंडे निघेनात म्हणून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून मडम अर्धा तास बुडवली. सोंडे निघाले. गालांचा गुलाबी आणि ओठांचा लालही निघाला.

दहा मिनिटं पडवीत बसलो. मग लक्षात आलं की हा योग आहे. मोठमोठ्या म्युझियममध्ये जुन्या वस्तूंचं रेस्टोरेशन करतात. त्यासाठी बाहेरून माणूस बोलावतात. इथे माणूस घरातच.

शाळेच्या पेटीतला क्रिमसन लेक, थोडं पांढरं, वर खिडक्यांचं उरलेलं व्हार्निश. दुपारी जेवण विसरलो. चेहरा पूर्वीपेक्षा बोलका झाला आहे. पूर्वी नुसती उभी होती, आता काहीतरी सांगते आहे असं वाटतं.

सुगंधा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘दशावतारातली सीता दिसता.’

तिचा हेतू स्तुतीचा होता असं धरून चालतो.

९ मार्च
गावात बातमी फुटली. मला गाजावाजा नको होता, म्हणून फक्त टीचर्स रूममध्ये सांगितलं होतं.

आज संध्याकाळी बाजारातला कासार तराजू घेऊन दारात. मास्तरांकडे जर्मनची मोठी बाहुली आहे असं ऐकलं, म्हणाला. आमच्याकडे जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा म्हणतात तसली त्याने समजूत करून घेतली. ॲल्युमिनियम. बाहुली बघून हिरमुसला. ‘ही फुटतली मा?’ एवढं विचारून तराजू खांद्यावर टाकून गेला.

ताईने सहा नारळ पाठवले. नवीन माडांचे. सुगंधाने सोलकढी केली. बरी होती. पण सोलकढीने माणसाचं नाव राहत नाही.

१० मे, गुरुवार, म्हापसे
प्रवास: मालवण, कसाल, सावंतवाडी, बांदा, मग एका जीपमध्ये अकरावा माणूस म्हणून. मडम मांडीवर, पत्र्याच्या ट्रंकेत, भोवती माझी दोन धोतरं.

इथे दोना एर्मेलिंदा म्हणून एक म्हातारी बाई आहेत. गोव्यातून पोर्तुगीज साहेबलोक गेले, त्यांचं काचसामान, चिनी माती, सगळं यांच्या डोळ्यांखालून गेलं असं बांद्याच्या एका व्यापाऱ्याने सांगितलं होतं. मी सरळ गेलो. बाईंनी आधी बसवलं, लिंबाचं सरबत दिलं, मग चष्मा लावला. त्या कोकणीत बोलत होत्या, मी मालवणीत. अडलं नाही.

पाहणीची पद्धत मला हास्यास्पद वाटली. मडमच्या पोटाशी बोट धरून तिला खिडकीपुढे नेलं. मग आतून स्वतःची एक बशी आणली, तीही धरली. बशीतून पलीकडच्या बोटाची सावली दिसत होती. मडममधून दिसली नाही. बाई म्हणाल्या, उंची माल असतो तो उजेड पलीकडे सोडतो. हा जाडा माल, साच्यातून काढलेला, जर्मनीत जत्रेला गाड्या भरभरून आणायचे. मी मुकुट दाखवला. त्या म्हणाल्या, मुकुट काढायला काय लागतं, एक शिक्का.

मग चेहऱ्याजवळ चष्मा नेला. ‘ओंठ कोणें रंगयले?’

मी म्हणालो, का?

म्हणाल्या, सगळ्या बाहुलीत हाताने रंगवलेलं तेवढंच आहे, म्हणून विचारलं. आणि ज्याने कोणी रंगवलं त्याला सांग की बाईमाणसाचे ओठ नाकापर्यंत जात नाहीत.

जेवून जा म्हणून फार आग्रह केला. जेवलो. सुंगटांचं हुमण उत्तम होतं.

११ मे, बांद्याच्या स्टँडवर
रात्रभर विचार केला. बाईंचा डाव उघड आहे. वस्तू टाकाऊ असती तर दोन तास कशाला घालवले? जेवायला कशाला घातलं? विकत घेणारा माणूस नेहमी नावं ठेवतो. आणि उजेड पलीकडे गेला नाही याचा अर्थ आमची मडम भक्कम आहे.

मात्र त्यांनी विकत घ्यायची गोष्ट काढली नाही. हेही डावातच.

गुडघा दुखतो आहे. जीपमधल्या अकराव्या माणसाला बसायला जागा नसते.

१२ जून, मंगळवार
शाळा सुरू. हेडमास्तरांनी बोलावलं. कसालला नवीन हायस्कूल निघतं आहे. ड्रॉइंग मास्तर पाहिजे. वरचा ग्रेड, राहायला दोन खोल्या, मागे विहीर. म्हणाले, मसुरकर, तुमचं नाव मी सुचवतो, अठरा वर्षं झाली तुम्हाला इथे.

मी एक दिवस मागितला. शोभतं.

१३ जून
नको म्हणून सांगितलं. हेडमास्तर दोनदा ‘का’ म्हणाले. मी म्हणालो, पुढच्या वर्षी माझं मुंबईचं निश्चित होतं आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मोठी बातमी ऐकली की माणसं असं करतात.

जागा परशुरामला देणार आहेत. आपला ज्युनिअर, फक्त फुलदाण्या काढतो. त्याला शुभेच्छा दिल्या. मनापासून.

सुगंधाला सांगितलं नाही. कसालपासून तिचं माहेर, म्हणजे तिची आई, तासाभराच्या वाटेवर. उगाच मनाला लावून घेईल.

२० जून
परशुरामची बायको निरोप घ्यायला आली होती. सुगंधाला म्हणाली, तुमच्या मालकांमुळे आमचं भलं झालं हो.

ती गेल्यावर सुगंधाने मडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘थंय माजी आवस एकटी आसा. तुमका ठावक होता.’

आणि चुलीकडे गेली.

२८ जून
आठ दिवस घरात कोणी बोलत नाही. चिंतनाला अनुकूल. मुंबईच्या जर्मन वकिलातीला पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजी मसुदा तीनदा केला. मडमचं स्केच जोडणार आहे. चारही बाजूंनी. लिहायला बसलो की पान ओलं होतं, कौलं गळतात. ते काम सुगंधा मला सांगायची. आता तीही सांगत नाही.

जेवताना ‘वाढू?’ एवढं विचारते. मी हो म्हणतो. कधी नाही म्हणतो. एवढाच संवाद.

१५ ऑगस्ट, बुधवार
सकाळी झेंडावंदन, दुपारी बंदरावर नारळ सोडले. आज दोन्ही एकाच दिवशी. मुलांना घेऊन सकाळपासून उभा होतो.

घरी आलो तर कालच्या टपालात आलेलं वकिलातीचं उत्तर मडमशेजारी ठेवलेलं! उत्तम कागद, टाइप केलेलं. स्केचबद्दल आभार मानले आहेत. ‘चार्मिंग’ म्हटलं आहे. वस्तूंची किंमत ठरवण्याचं काम वकिलात करीत नाही, आपण एखाद्या म्युझियमला विचारावं. वस्तू जर्मनीत कोणाकडून, कशी मिळाली याची माहिती असल्यास त्यांना उपयोग होतो. सोबत दोन रंगीत पोस्टकार्डं, एकावर नदी, एकावर किल्ला.

तीनदा वाचलं. कुठेही वस्तू खोटी असल्याचा उल्लेख नाही. माहिती मागितली आहे ती उगाच नव्हे. साक्षीदार पाहिजे.

सुगंधाला वाचून दाखवलं. ती नारळाच्या करंज्या तळत होती. नारळ ताईचे. म्हणाली, छान कागद आहे. आठ आठवड्यांनी पहिलं पूर्ण वाक्य. शुभशकुन.

४ सप्टेंबर
गणपतीच्या आरासीत मडम उजवीकडे ठेवली होती. दर्शनाला आलेली माणसं गणपतीला हात जोडतात आणि मला विचारतात, ही मडम कोण? चार वेळा इतिहास सांगितला. पाचव्या वेळी भटजींनी मध्येच म्हटलं, मास्तर, आरती थंड होते. मडम कपाटात परत. लोक जे समोर आहे ते बघत नाहीत.

चित्राचा संकल्प: गणपती झाल्यावर.

१६ सप्टेंबर, रविवार
साक्षीदार सापडला. मामीला विचारण्यासारखं काही नाही, ती आचऱ्यापलीकडे कधी गेली नाही. ताईला विचारलं. मामाबरोबर त्याच बोटीवर विजयदुर्गचे हसनभाई म्हणून खलाशी होते. अजून आहेत. ताई म्हणाली, मामा गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मामीला मनीऑर्डर पाठवली होती, मामीने परत केली, त्यांनी पुन्हा पाठवली.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार. तोपर्यंत स्टेटमेंट तयार ठेवतो, इंग्रजीत, म्हाताऱ्याने फक्त सही करायची. ‘हॅम्बुर्ग शहरातील एका प्रतिष्ठित घराण्याने कै. बाबली यांच्या सेवेवर संतुष्ट होऊन...’ ‘घराणे’ शब्दाला इंग्रजीत वजन येत नाही. ‘हाउस’ म्हटलं की कौलं दिसतात.

२७ ऑक्टोबर, शनिवार
चीनने हल्ला केल्यापासून टीचर्स रूममध्ये दुसरं बोलणं नाही. आज रेडिओपाशी एकाने मला विचारलं, मास्तर, तुमच्याकडे ती चिनी बाहुली आहे ना? सगळे वळून बघायला लागले. मी म्हणालो, जर्मन. माती जर्मन, बाई जर्मन, कुत्रा जर्मन. तरी एकजण कुजबुजला.

यापुढे ‘चिनी माती’ हा शब्द वापरणार नाही. ‘पांढरी माती’ म्हणेन.

सुगंधाने तिची एक बांगडी संरक्षण निधीला दिली. मला न विचारता. चांगलं केलं. मी काय द्यावं याचा विचार करतो आहे.

३१ ऑक्टोबर, बुधवार, विजयदुर्ग
सकाळच्या बोटीने आलो. पडावातून बोटीवर चढताना ट्रंक माझ्या हातून खलाशाच्या हातात, त्याच्या हातून वरच्याच्या हातात. तेवढा वेळ मी खाली दोन्ही हात पसरून उभा.

हसनभाईंचं घर धक्क्याच्या वरच्या बाजूला. वय पंचाहत्तर तरी असेल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सून हवाबीने चहा आणला. मी बाबलीचा भाचा म्हटल्यावर म्हाताऱ्याने माझा हात धरला तो सोडेना. मी एकाच हाताने ट्रंक उघडली.

त्यांनी मडम हाताने चाचपली. हॅट, घागरा, झालर. बोटं खाली पायाशी गेली. ‘कुत्रो आसा? आसा!’ आणि हसायला लागले. हवाबी स्वयंपाकघरातून बघायला आली, एवढे हसले.

मग सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

पस्तीस साल. हॅम्बुर्गला बोट दुरुस्तीला लागली होती. थंडी अशी की नाकातलं पाणी गोठायचं. गावात जत्रा. दोघे फिरायला गेले. एका तंबूत हवेच्या बंदुकीने पत्र्याची बदकं पाडायची होती. पाच गोळ्या. ‘तुझो मामा बंदूक धरूक भियत होतो. डोळे मिटून मारी. पाचय गोळयो फुकट गेल्यो, एक तर वरच्या दिव्यार बसली.’ दिवा फुटल्यावर बाबली पळायला लागला. तंबूची मालकीण मागून धावत आली. हे दोघे समजले, आता पोलीस. तिने बाबलीचा कोट धरला, आणि ही बाहुली त्याच्या हातात दिली. ज्याचं काहीच पडत नाही त्याला ती द्यायची पद्धत होती.

‘बाय हसत होती,’ हसनभाई म्हणाले. ‘तीन म्हयने आमी त्या गावात होतो. आमका बघून हसलेला पयला माणूस ता. म्हणान बाबलीन जपल्यान ती.’

मामाने बाहुली स्वतःच्या घोंगडीत गुंडाळली आणि एडनपर्यंत कुडकुडत झोपला. हसनभाई आपली अर्धी घोंगडी देत होते ती घेईना. म्हणायचा, बायकोसाठी नेतोय, तिला बघायचंय.

मी मडम ट्रंकेत ठेवली. मग स्टेटमेंट काढलं. मराठीत अर्थ सांगितला. प्रतिष्ठित घराणं, संतुष्ट होऊन, वगैरे.

म्हातारा हसायचा थांबला. ‘मास्तर, खोट्यार मी अंगठो देवचंय नाय. बाबली माका वर गेल्यार विचारतलो. खरां लिवा, दोनय हातांचे अंगठे देतंय.’

मी म्हणालो, खऱ्याचा उपयोग नाही.

ते म्हणाले, ‘मगे र्‍हवांदे.’

जेवायला वाढलं. पापलेटचं तिखलं. मला घास जाईना. हवाबीने विचारलं, तिखट झालं का? मी हो म्हणालो. तिखट नव्हतं.

१ नोव्हेंबर, बोटीवर
सकाळी निघायच्या आधी चार ओळी लिहिल्या. जत्रा, पाच गोळ्या, दिवा, बाई हसली. मराठीत. वाचून दाखवल्या. हसनभाईंनी एकच अंगठा दिला, दोन नको म्हणालो. हा कागद कुठल्याही म्युझियमला पाठवता येणार नाही. मग का लिहून घेतला ते सांगता येत नाही.

देवगड गेलं. मडमच्या किमतीचा आज एकदाही विचार आला नाही. बोट लागली असावी.

४ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा शांतपणे विचार केला. जत्रेतल्या वस्तूही शंभर वर्षांनी दुर्मीळ होतात. पस्तीस अधिक शंभर. मी तेव्हा एकशे एकवीस वर्षांचा असेन.

परत मोजलं. तितकंच आलं.

७ नोव्हेंबर
हेडमास्तरांना सहज विचारलं, कसालची जागा भरली का? म्हणाले, परशुराम जूनपासूनच तिथे आहे, माहीत आहे ना तुम्हाला? मी म्हणालो, हो हो, त्याच्या खोल्यांबद्दल विचारत होतो. खोल्या चांगल्या आहेत म्हणाले. विहिरीला पाणी चांगलं आहे.

सहजच विचारलं होतं.

१० नोव्हेंबर, शनिवार
निर्णय झाला. मडम मामीला परत देणार. ती वस्तू तिच्यासाठी आणलेली होती, मी ती तोंड वर करून मागितली. मामीने सत्तावीस वर्षं जिवापाड सांभाळली आणि भाचा मागतो म्हणून एका शब्दाने दिली. काय मन असेल! त्या दिवशी रात्री ती रडली असेल. मला दहा महिने हे दिसलं नाही. मी, ज्याची नजर...

असो. त्याग करण्यातही एक उंची असते. उद्या काय बोलायचं ते लिहून ठेवलं आहे, दीड पान. हसनभाईंचा कागद वाचून दाखवायचा, मग मडम तिच्या ओटीत ठेवायची.

सुगंधाला सांगितलं. म्हणाली, मीही येते. जूननंतर प्रथमच आम्ही दोघं मिळून कुठे निघतो आहोत.

११ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी
मामी ओसरीवर कोकमं निवडत होती. मी दीड पानातलं अर्धं पान म्हणालो. हसनभाईंचा कागद वाचला. बंदुकीचं ऐकून मामीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडते. ती हसत होती. ‘माका सांगल्यांनी, मोठ्या सायबान दिल्यान. इतकी वर्सां!’ आणि मग खरंच डोळे पुसले.

इथे मी मडम पुढे केली.

मामीने दोन्ही हात मागे घेतले. ‘माका नको रे बाबा.’

मी म्हणालो, मामी, मला सगळं कळलंय, संकोच करू नको. ती म्हणाली, संकोच कसला? आणि कोकमं बाजूला सारून सांगायला लागली. मी शब्दही बदललेला नाही:

‘ह्यांका बोटीर जाताना मी सांगलेलंय, माका एक गरम शाल हाडा. थंय थंडी, शाली बऱ्यो मेळतत. तर ही मडम घेवन इले. घोंगडेत गुंडाळलेली. ती सोडून असां तोंड करून उभे रवले, जसो काय सोन्याचो हंडो हाडलो. आता वर्सान घराक इलेल्या माणसाचां मन कित्याक मोडूचां? म्हटलंय, बरी आसा. ता एकदा म्हटलंय, आणि सत्तावीस वर्सां दर आयतवारी पुसत बसलंय. ते समोर बसून बघत. मी भोकाभोकात काडी घालून. माका हिचो कटाळो इलेलो रे. ते गेले तर टाकूक जीव होयना, आणि ठेवूक जीव होयना. तू आपणहून मागलंस. माका देव पावलो.’

मी विचारलं, मग कोणी मागितली नसती तर?

‘तर मी मरासर पुसली असतंय,’ मामी म्हणाली. ‘घराक घेवन जा.’

सुगंधा खांबाला टेकून उभी होती. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली. मामीही हसली. मग मामीने तिला आत नेलं, दोघी बराच वेळ बोलत होत्या. तिच्या आईबद्दल असावं. मी ओसरीवर मडम मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेने जाणाऱ्याने विचारलं, मास्तर, बरां आसा? मी म्हणालो, बरं आहे.

१४ नोव्हेंबर
सुगंधा महिनाभर आईकडे जाऊन येते म्हणाली. रविवारी दुपारच्या गाडीने. मी म्हणालो, जा. मग म्हणालो, सोबत येऊ का? ती म्हणाली, शाळा आसा मा? शाळा आहे हे खरंच.

१८ नोव्हेंबर, रविवार
जाण्यापूर्वी सुगंधाने काड्या आणि कापूस काढून ठेवला होता. भात कुठे, आमटी कुठे ते सांगितलं. स्टँडवर पोचवून आलो.

दुपारी मडम पुसली. झालरीची भोकं मोजत गेलो. एकशे बेचाळीस झाली. एखादं राहिलं असं वाटून पुन्हा मोजली. एकशे एकेचाळीस.